तारांगणातले जुने ग्राफिक्स कार्ड भंगारात जाण्यापूर्वी एक दिवस परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (सामग्री व भांडार),
विज्ञान केंद्र, मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : जुन्या व नव्या ग्राफिक्स कार्डांची तुलना थांबलेल्या नव्हे, तर चालत्या आकाशावर करण्याबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) तुलना समितीचा ‘कार्यक्षमता समान’ हा अहवाल. ३) आपला दि. ९ चा आदेश.

महोदय,

खाली सही करणारी मी तारांगणात अकरा वर्षे निवेदिका आहे. घुमटावर आकाश दाखवणारे यंत्र चालवणे आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकांना ते समजावून सांगणे हे माझे काम. एकाच विषयावर पाचव्यांदा अर्ज करताना संकोच वाटतो; पण चौथ्या अर्जाचे उत्तर, म्हणजे आपला दि. ९ चा आदेश, वाचल्यापासून तो बराच कमी झाला आहे.

१. ग्राफिक्स कार्ड म्हणजे यंत्रातला, क्षणोक्षणी आकाशाचे नवे चित्र तयार करणारा भाग. आमचे कार्ड आठ वर्षांचे झाले म्हणून दोन महिन्यांपूर्वी बदलण्यात आले आणि जुने आपल्या भांडारात जमा झाले. ते जुने खरे, पण त्याच्या पिढीत सर्वांत वरच्या दर्जाचे होते. नवे गेल्या वर्षीचे आहे, पण त्याच्या पिढीत सर्वांत खालच्या दर्जाचे. कार्डाच्या नंबरातले पहिले आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दर्जा. आपल्या शाखेने दोन्ही नंबर शेजारी शेजारी लिहून मोठा कोणता तेवढे पाहिले. बसचा नंबर मोठा असला म्हणून बस लवकर पोहोचत नाही, असे मी दुसऱ्या अर्जात लिहिले होते. त्यावर ‘बस हा विषय या शाखेच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर आले.

२. जुने कार्ड संपूर्ण आकाश फिरवताना सेकंदाला साठ चित्रे देत असे. नवे वीसच्या आसपास देते, आणि आकाशगंगा वर आली की अकरा. त्यामुळे तारे सरकत नाहीत, उड्या मारतात. चंद्र हप्त्याहप्त्याने उगवतो. शनी पुढे जातो आणि त्याची कडी थोड्या वेळाने मागून येतात. सफाईच्या मावशींनी पहिल्याच दिवशी दारातून पाहून निदान केले, “बाई, आकाशाला उचकी लागलीय.” समितीला जे दोन महिन्यांत कळले नाही, ते त्यांना झाडू हातात असताना कळले. आता त्या प्रत्येक खेळापूर्वी खुर्च्यांच्या पाठीला कागदी पिशव्या अडकवतात, कारण नंतर फरशी त्यांनाच पुसावी लागते.

नव्या कार्डाचे गुणही सांगायला हवेत. ते कमी वीज खाते, तापत नाही, आवाज करत नाही. आपल्या शाखेत तक्ते भरण्यासाठी ते उत्तम ठरेल. तिथे काहीच फिरत नाही.

३. यात माझी चूकही आहे आणि ती मला टोचते. नवे कार्ड आले तेव्हा भांडारपाल पावती घेऊन डोक्यावर उभे होते. “मॅडम, सही करा, मला जेवायला जायचंय,” असे ते म्हणाल्यावर मी यंत्र न चालवताच ‘उत्तम स्थितीत मिळाले’ असे लिहून दिले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अर्जाला माझीच ती सही उत्तर म्हणून जोडली जाते.

४. तुलनेचा इतिहास आपल्या नजरेखालून गेलाच आहे, तरी एकत्र मांडते. प्रथम मी यंत्राने आपोआप ठेवलेली सेकंदागणिक नोंद पाठवली. ‘यंत्राने स्वतःविषयी दिलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही’ म्हणून ती परत आली. मग समितीने दोन्ही कार्डांच्या आकाशाची छायाचित्रे तीन प्रतींत मागवली; जुन्याची छायाचित्रे आणि चित्रीकरण माझ्याकडे आधीच्या खेळांतले होते. छायाचित्रात आकाश थांबलेले असते, आणि थांबलेले आकाश दोन्ही कार्डे सारखेच सुंदर दाखवतात. समितीने भिंग लावून तारे मोजले, एकही कमी निघाला नाही, आणि ‘कार्यक्षमता समान’ असा शेरा मारला. तिसऱ्या वेळी मी दोन्हींचे चलत्‌चित्रण पाठवले. ते समितीने आपल्या शाखेतल्या ज्या संगणकावर पाहिले, तो स्वतःच धडपडत चालतो. निष्कर्ष निघाला की दोन्ही कार्डे अडखळतात, आणि जुने काढले ते योग्यच झाले.

५. आता एका नाजूक मुद्द्याकडे येते. माझ्या चौथ्या अर्जावरून दि. ३ रोजी आपण स्वतः पाहणीस आलात आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसलात. चौथ्या मिनिटाला आकाशगंगा फिरू लागताच आपण उठलात, बाहेर पायरीवर बसलात, आणि मावशींनी आपल्याला पाणी दिले. अभिप्राय वहीत आपल्या हस्ताक्षरात ‘मळमळ’ एवढाच शब्द आहे. दुसऱ्या दिवशी आपल्या दारावर ‘साहेब चक्कर आल्यामुळे रजेवर’ असा कागद डकवलेला होता. तिसऱ्या दिवशी आपण ‘कार्यक्षमता समान’ या अहवालावर सही केलीत. महोदय, या सगळ्या प्रकरणात खरी मोजणी फक्त आपल्या डोक्याने केली होती, आणि आपणच ती फेटाळलीत. मला याचा राग आला आहे. अर्जात राग लिहू नये हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

६. दि. ९ च्या आदेशानुसार प्रेक्षक घटल्यामुळे पुढच्या महिन्यापासून खेळ बंद होणार, घुमटाखाली बैठका भरणार आणि माझी बदली तिकीट खिडकीवर होणार. दि. १८ ला भंगारवाला जुने कार्ड नेणार. त्यानंतर तुलना करायला काही उरणार नाही, आणि आकाश बिघडवले कोणी या प्रश्नाला माझे नाव कायमचे चिकटेल.

७. म्हणून मागणी एवढीच, की दि. १७ ला एका दिवसापुरते जुने कार्ड मला द्यावे आणि आपण पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसावे. खेळात एक जागा अशी आहे की मी म्हणते, “आता पृथ्वी फिरते आहे, आपल्याला कळतही नाही,” आणि चाळीस सेकंद गप्प राहते. अकरा वर्षांत त्या चाळीस सेकंदांत कोणी बोलले नाही. गेले दोन महिने तिथे लोक हसतात, म्हणून मी ते वाक्यच सोडून दिले आहे. ते मला एकदा पुन्हा म्हणायचे आहे.

आपल्याला चक्कर आली, तर कार्ड मी स्वतः भंगारवाल्याच्या हातात देईन आणि सहावा अर्ज करणार नाही.

कळावे. राग वगळता आपली नम्रच,

(सही)
निवेदिका, तारांगण
दि. १४

सोबत :
१. यंत्राच्या नोंदी (पुन्हा एकदा).
२. छायाचित्रे, तीन प्रती. फरक शोधू नये, नाही.
३. अभिप्राय वहीतल्या दि. ३ च्या पानाची प्रत.
४. आपल्या दारावरचा कागद, मूळ. काढताना रंग थोडा निघाला, क्षमस्व.
५. तिकीट खिडकीवरील बदलीस माझी लेखी संमती. सही केली आहे. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. ती आपण दि. १७ ला, खेळ संपल्यावर आणि दिवे लागल्यावर, स्वतःच्या हाताने भरावी किंवा कागद फाडावा.