मास्तरांचा निळा

मास्तर, तुमच्या निळ्याबद्दल लिहितेय. तुम्ही गेलात तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती ती पोरं आता माझ्याकडे जलरंग शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, वो मास्तर वाला ब्लू कौन सा है?" इतकी वर्षं मी ट्यूब उघडून दाखवत होते. यंदाच्या हिवाळ्यात ते बंद केलं. का बंद केलं हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिकडे वर बनारसची माणसं काही कमी नसतील, आणि आपल्या लोकांच्या पोटात काही राहत नाही.

मी मजेत आहे. शाळेतून रिटायर झाले, गुडघे कुरकुरतात, तोंड अजून तसंच आहे. "हिची जीभ ब्रशापेक्षा झरझर चालते," असं तुमच्या घरी काकू म्हणायच्या, त्यात फरक नाही. घाटावर चित्रं काढणारी तुमची रविवारची मंडळी चालू आहे. फोल्डिंगचं स्टूल, पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, आणि माकडांना भिऊन कुणी केळं आणायचं नाही, एवढेच नियम. शिवाय वर्षातून दोनदा मी शिबिर घेते. पुणे, नाशिक, नागपूरकडून माणसं येतात, संकठाजीच्या गल्लीतल्या धर्मशाळेत उतरतात. पहिल्या दिवशी फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांच्या नावाने रडतात आणि तिसऱ्या दिवशी गप्प होतात. गप्प झाल्यावरच शिकवायला सुरुवात करावी, हे तुमचंच. मी चांगली शिकवते, मास्तर. हे मी स्वतःच म्हणतेय, कारण तुम्ही कधी म्हणाला नसतात.

तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उत्तरेचा उजेड यायचा, म्हणून क्लास तिथेच. आत काकू पोळ्या लाटतायत, उंबऱ्याशी मी पाटावर बसलेय, मांडीवर बोर्ड. मी तेव्हा कॉलेजात. बाहेर आठवडाभर धुकं, घाट दिसत नाही, म्हणून पंचगंगा घाटाचं चित्र मी घरीच बसून केलंय. पायऱ्या, बुरूज, वरची मशीद, सगळं जागच्या जागी. माझी मान ताठ. तुम्ही ते हातात धरता, बघता आणि पालथं करून पिठाच्या डब्यावर ठेवता.

"हे कुठून आणलंस?"

"रोज तर बघते, मास्तर."

"रोज बघतेस ना, म्हणून आज बघितलं नाहीस. धुकं दिसत होतं तर धुकं लाव. दिसेल तेच लावायचं. आठवलेलं नको, ऐकलेलं नको, मी सांगितलेलंही नको."

काकूंनी डब्यावरून ते चित्र उचललं तेव्हा पाठीवर पिठाची बोटं उठली होती. मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी धुक्यात जाऊन बसले. शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमचं एक छोटं चित्र दिलंत. पंचगंगेची दुपार. सूर्य इमारतींच्या मागे गेलाय, सगळ्या पायऱ्यांवर सावली उतरलीय आणि समोर नदी मात्र उन्हात. ती सावली राखेसारखी, त्यात कुठेतरी जांभळ्याचा अंश. मी ते देवघराशेजारी लावलं. पुढे तुमचा निळा गाजला, तेव्हा आलेल्या-गेलेल्याला मी सांगायचे, "हे मास्तरांचं सुरुवातीचं. तेव्हा त्यांचा हात खुलला नव्हता."

तुमची शेवटची वर्षं मला स्वच्छ आठवतात, कारण तेव्हा तुमचे रंग मी कालवून द्यायचे. तुमची बोटं ट्यूबच्या टोपणाशी झटापट करायची आणि मला ते बघवायचं नाही. दुपारच्या सावलीत आपण पंचगंगेवर बसायचो. मी निळा काढला की तुम्ही म्हणायचात, "अजून." आणखी काढला की, "अजून घाल, तुझ्या बापाचा नाहीये." डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, तुम्ही ऐकलं नाहीत. "डोळा कापायला देऊ? आणि काही बिघडलं तर मग बसून भजन करू?" काकूंनी सांगून बघितलं, मी सांगून बघितलं. तुम्ही म्हणजे तुम्ही. आणि त्याच वर्षांत पायऱ्यांवरची सावली निळी होत गेली, इतकी की बघणारा थबकायचा. लोक म्हणाले, म्हातारपणी मास्तरांना धाडस सुचलं. आम्हीही म्हणालो. त्या निळ्याला तुमचं नाव पडलं, तुम्ही गेल्यावर तो आमच्या मंडळाची खूणच झाला. मी शेकडो माणसांना सांगितलं असेल, "सावलीत निळा घाला, हात आखडता घेऊ नका, मास्तर असंच करायचे." बाबा वाक्यं प्रमाणम्.

आता ह्या हिवाळ्याची गोष्ट. देवदिवाळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हो, मी तुमच्यासारखी हट्टी नाही. डावा पुढे बघू म्हणाले डॉक्टर. पौषात शिबिर होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पंचगंगेवर मी सगळ्यांसमोर चित्र करून दाखवत होते. हाताच्या सवयीने सावलीचा निळा कालवला, कागदावर ओतला. नागपूरहून आलेल्या एक बाई होत्या, रेल्वेतून रिटायर झालेल्या, आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरलेला. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला तर तिथे एवढं निळं काही दिसूनच नाही राहिलं. कशी टाकू?"

माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशीची शिकाऊ बाई मला विचारते. "नीट बघा म्हणजे दिसेल," मी म्हणाले, आणि त्यांना दाखवायला म्हणून स्वतः बघितलं. नदीवरून तिरीप येत होती, उजव्या डोळ्याला पाणी सुटलं, म्हणून मी तो रुमालाने झाकला. डाव्या डोळ्याने बघितलं तर पायऱ्या चहाच्या फडक्यासारख्या पिवळट, मळकट, आणि माझ्या कागदावरचा निळा त्यांच्यावर अगदी बरोबर बसलेला. मग रुमाल ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला. पायऱ्या राखेच्या रंगाच्या झाल्या. आकाशाचा निळा त्यांत होता, पण मिठाएवढा. आणि माझ्या कागदावर कुणी शाईची दौत सांडल्यासारखं दिसत होतं. मी पुन्हा रुमाल हलवला, पुन्हा हलवला. लोकांना वाटलं डोळ्यात काही गेलं.

मास्तर, मला तिथे पायरीवर बसल्या-बसल्या सगळं कळलं. तुम्हाला निळा पुरेसा दिसतच नव्हता. सगळा घाट पिवळ्यात बुडाला होता, कागदावर लावलेला निळाही त्या डोळ्यांना विझलेला दिसायचा, म्हणून तुम्ही "अजून, अजून" म्हणत होतात. त्याला आम्ही धाडस म्हटलं आणि धडधाकट डोळ्यांनी त्याची नक्कल केली. घरी आले, देवघराशेजारच्या चित्रासमोर उभी राहिले, उजव्या डोळ्याने बघितलं. दुपारी पाहिलेली सावली जशीच्या तशी तिथे होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

संध्याकाळी दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझ्याआधीचे तुमचे विद्यार्थी, बँकेतले, तुम्ही ज्यांना "सरळ रेघ" म्हणायचात ते. मंडळ आता आम्ही दोघंच चालवतो, आणि होळीनंतर तुमच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलंय, त्याच्या निमंत्रणावर तुमचा तो निळा घाट छापलाय. ते धर्मशाळेच्या ओसरीवर चहा पीत होते. माझं ऐकून त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या.

"मास्तरांचं नाव त्या निळ्यावर आहे, आणि तू सांगणार की तो आजार होता? लोग हँसेंगे."

"हसू देत. त्या नागपूरच्या बाईंना मी आज 'नीट बघा' म्हणाले, दादा. त्या नीटच बघत होत्या."

"तुझा डोळा दोन महिन्यांचा. तो मास्तरांच्या डोळ्यावर निकाल देणार?"

मी वाद अर्धा टाकून घरी आले. तुम्हाला माहीत आहे, असं क्वचित होतं. बोलले तर तुमची शेवटची सगळी चित्रं एका आजारी माणसाची चूक ठरणार होती. गप्प राहिले तर ती बाई नागपूरला जाऊन आयुष्यभर समजणार होती की आपल्याला नीट दिसत नाही. तुमची अब्रू की तिचे डोळे, असा सरळ मामला. तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते लिहून दाखवायची गरज नाही. म्हणून तर ठरवायला अख्खी रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. घाटावर सगळ्यांना गोल बसवलं आणि तुमचा मोतीबिंदू, माझा मोतीबिंदू, पिठाचा डबा, सगळं सांगितलं. पुण्याचे एक गृहस्थ तीन शिबिरं करून गेलेले, ते म्हणाले, "म्हणजे आमचं सगळं चुकलं?" मी म्हणाले, "चुकलं नाही, दुसऱ्याच्या डोळ्यांनी झालं. आज आपापल्या डोळ्यांनी करा." मग नुसते ब्रश पाण्यात वाजत होते. नागपूरच्या बाईंनी सावली करडी लावली, थोडी गुलाबीकडे झुकणारी. कड फुटली होती, पाणी जास्त झालं होतं, पण खरी होती. दादा लांब बुरुजाशी बसून तुमचा निळा भरत राहिले आणि शिबिर संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मंडळी गेली आणि मला चैन पडेना. विद्यार्थ्यांचं काम झालं, तुमचं राहिलं होतं. एका दुपारी एकटीच पंचगंगेवर गेले. उजव्या डोळ्यावर कापूस ठेवून वर चष्मा घातला आणि फक्त डाव्या डोळ्याने चित्र करायला बसले. तुम्हाला आठवायचं नाही, तुमचा निळा आठवायचा नाही, दिसेल तेच लावायचं, अशी स्वतःला सक्त ताकीद दिली. सावली लावली, मळकट दिसली. थोडा निळा घातला, पुरेना. अजून घातला. समोरच्या पायऱ्या आणि कागद जुळेपर्यंत घालत गेले, आणि जुळल्यावर थांबले. मग कापूस काढला.

तुमचाच निळा होता, मास्तर. तसूभर कमी नाही, जास्त नाही. मी घाटावर बसून ढसाढसा रडले. एक मल्लाह नाव सोडून वर आला, म्हणाला, "माताजी, कोई गुजर गया क्या?" मी म्हटलं, "हाँ भैया, बहुत पहले."

कागद वाळल्यावर तशीच उठून दादांकडे गेले. दारातच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला. अबोला विसरून म्हणाले, "हे मास्तरांचं तुला कुठे मिळालं? हे मी पाहिलेलं नाही." मी सांगितलं कसं मिळालं. दादा खुर्चीवर बसले, चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे शेवटपर्यंत त्यांनी दिसेल तेच लावलं." मी म्हणाले, "त्यांनी लावलं. न बघता आपण लावत होतो." त्यांनी मान हलवली. प्रदर्शनात आता माझ्या देवघराशेजारचं चित्र आणि तुमचं शेवटचं चित्र शेजारी-शेजारी लागणार आहेत, आणि खाली तुमच्या डोळ्यांची हकीकत सरळ शब्दांत. ती दादाच लिहितायत. लोक हसले तर हसले. मला नाही वाटत हसतील.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. गंगेत सोडावं म्हटलं तर कडेला रंगाचा डाग पडलाय, आणि ब्रश धुतलेलं पाणीसुद्धा तुम्ही कुणाला गंगेत ओतू दिलं नाहीत. राहील माझ्या बोर्डाखाली.

एक सांगायचं राहिलं. डाव्या डोळ्याची तारीख ठरली होती, ती मी पुढे ढकलली. डॉक्टर रागावले. घरी सांगितलंय की होळीची धूळ, गुलाल, उगाच डोळ्याला त्रास नको. गुलालाचं काही नाही. हा डोळा झाला की तुम्हाला दिसायचा तो घाट मला पुन्हा दिसायचा नाही. होळीनंतर नक्की करते, मास्तर. तोवर रोज दुपारी उजवा झाकून थोडा वेळ बसते.