पहारीची कडी

इन्जे, ११ जानेवारी २०१५

ती. मालसूनताईस,
धाकट्या ब्योंगगिलचा सा. न. वि. वि.

हातमोजे पोचले. अडतीस वर्षं दर हिवाळ्याला एक जोड पाठवतेस. मला हात दोनच आहेत.

यंदा पावसाने दगा दिला, तलाव आटलाय. बर्फाची जत्रा रद्द. घरात बसवत नाही. तुझी भावजय सुनजा म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. धरणात बुडालेलं आपलं गाव वर आलंय. काल आपल्या चुलीचे दगड पाहिले. अंगणावर अजून बर्फ आहे, पण खालचं पाणी उतरलंय. वाकून आत शिरता येतं. आठवतं, गाव बुडाल्यावर त्याच अंगणावरच्या बर्फाला भोक पाडून बाबा गळ सोडायचे आणि बोटभर चंदेरी मासे लाल चटणीत बुडवून जिवंतच तोंडात टाकायचे?

बाबांची बर्फ फोडायची पहार तिथेच आहे. सत्त्याहत्तर साली ती माझ्या हातून भोकात गेली. तिच्या माथ्याच्या कडीला बांधलेल्या दोरीचा फास तेवढा मनगटात राहिला. बाबा म्हणाले, आदल्या संध्याकाळी मी मारलेली गाठ कच्ची होती. मी म्हणत राहिलो, कडी तुटली असणार. पुढे ते जाईपर्यंत मी नुसती घसरगाडी ओढली, पहार हातात मिळाली नाही. आता ती शोधतो आणि तुटकी कडी सगळ्यांना दाखवतो.

लोभ हातमोज्यांइतकाच नियमित असू दे.
ब्योंगगिल

इंचॉन, १८ जानेवारी

चि. ब्योंगगिल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. खाली पाणी नसलेल्या बर्फावर कुत्रंही पाय ठेवत नाही, हे बाबांचंच सांगणं. आणि सत्तावन्न वर्षांचा तू त्याखाली रांगणार? गंजक्या लोखंडापायी हे काय भलतंच! नवी पहार मी घेऊन देते. हल्ली तर बर्फाला भोक पाडायचं यंत्रही मिळतं. बाबा गेले, आता कडी बघणार कोण?

माझं कशात लक्ष नाही. दोनदा भातात पाणी घालायला विसरले. शोध थांबवलास, एवढं एका ओळीत कळव. सुनजास आशीर्वाद. ताईवरच्या मायेपोटी तरी ऐक.
मालसून

इंचॉन, २६ जानेवारी

चि. ब्योंगगिल यास आशीर्वाद.

तुझी ओळ आली नाही. सुनजाला फोन केला. म्हणाली, उजाडताच फावडं घेऊन जातात, कुणाचं ऐकत नाहीत. म्हणून आता लिहिते. तू त्या कडीपायी मरशील, आणि कडी धडच असणार.

मी घरातून कारखान्यात पळाले ती पहाट आठव. माझ्या पेटीचा कोयंडा मोडका होता. मजबूत दोरी घरात एकच, पहारीची. तुझी गाठ सुटता सुटेना, दातांनी सोडवली. हातभर दोरी कापून घेतली आणि उरलेली घाईघाईत कडीला बांधली, माझ्या बोचक्याच्या गाठीने. त्याच सकाळी पहार गेली.

मला ते महिन्याने आईच्या पत्रातून कळलं. बाबांना खरं लिहिलं असतं तर माझा पत्ता कळून ते मला न्यायला आले असते. म्हणून गप्प राहिले, मग गप्प राहायची सवय झाली. हातमोजे पाठवत राहिले. तो तुकडा अजून पेटीला बांधलेला आहे.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते. पण तू बर्फाखालून बाहेर ये. माया उरली असेल तर ठेव. मागायचा हक्क मला नाही.
मालसून

इन्जे, २ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पहार त्याआधीच, बुधवारी सापडली, चिखलात उभी. कडी धड. मी बाहेर आलो आणि तासाभरात मागचा बर्फ कोसळला. हे सुनजाला सांगू नकोस.

कडी पाहून मी तिथेच बसलो. अडतीस वर्षं मनातल्या मनात बाबांशी भांडत होतो आणि बरोबर तेच निघाले. गुरुवारी त्यांच्या थडग्यापाशी गेलो, सोजूची दारू ओतली, डोकं टेकलं, रडलो. गाठ माझीच कच्ची होती म्हणालो, माफी मागितली.

आणि शनिवारी तुझं पत्र! राग आला ताई, खूप आला. सगळे हातमोजे चुलीत घालायला काढले. थंडी होती म्हणून एक जोड ठेवला. मग गाठ तू दातांनी सोडवलीस ती ओळ सुनजाला दोनदा वाचून दाखवली.

आता बाबांकडे मागितलेली माफी परत घ्यायची आहे, आणि त्यासाठी मी एकटा जाणार नाही. एकोणीस तारखेला चांद्र नववर्ष आहे, ये. येताना पेटीची दोरी आण. पहार घासून ठेवतो. थडग्यासमोर झालं ते तू सांग, गाठ मी मारतो.

लोभ आहेच; तू येईपर्यंत रुसलेला राहील.
ब्योंगगिल