घंटी कुठे वाजली

नाय साहेब, मी सकाळी उठून कोणाला फुलांचे फोटो पाठवत नाय, आणि त्यावाचून माझं काय अडलेलं पण नाय. फोन हाय, मोठा काचेचा, पोराने घेऊन दिलेला. पण तो बोलायला. इथे अष्टमी गावात आमच्या गल्लीत कोणाचं नेट गेलं की लोकं आधी कंपनीला शिव्या घालतात, मग त्याच बंद नेटवरून तक्रार टाकायला बघतात, आणि मग मला हाक मारतात. मी कपाट पुढे ओढतो आणि मागची वायर बघतो. उंदराने कुरतडलेली असते, नायतर झाडू लागून पिन सैल झालेली असते. शेजारची सून विचारते, "काका, तुम्ही इंजिनियर होतात काय?" म्हटलं, नाय गो, सातवी पास. इंजिनियर आमचे साहेब होते, मी पेणच्या टेलिफोन एक्सचेंजला त्यांच्या हाताखाली लाईनमन.

साहेब, तुमची मतं फुकट असायची, चहाबरोबर यायची. टीव्हीला मुंग्या आल्या की म्हणायचात, "आधी स्वतःची पिन बघा, मग गच्चीवर चढा." एकदा कोणीतरी फोन करून मोठ्या हापिसातून बोलतोय म्हणाला आणि गिऱ्हाइकांचे नंबर मागायला लागला. मी द्यायलाच निघालो होतो. तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, "नाव सांगा, मी उलट लावतो." तिकडून कट. आता बँकेच्या नावाने रोज कोणीतरी आकडा मागतो. मी तुमचं तेच वाक्य म्हणतो, आणि समोरचा फोन ठेवतो. पोरगा म्हणतो, बाबा, हे शिकवायला आमच्या कंपनीत दिवसभराचं ट्रेनिंग असतं.

पण त्या नर्सबाईंचा दिवस सांगायचाय. खाडीकाठी, खारेपाटातल्या गावात एकट्या राहायच्या. पोरगी बाळंतपणाला सासरी, म्हणून जीव फोनपाशी. शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला, फोन मुका हाय. मी एक्सचेंजमधून नंबर लावला, घंटी छान जाते, कोणी उचलत नाय. रजिस्टरात लिहिलं, फोन चालू, घरात कोणी नाय. तुम्ही मागे उभे.

"घंटी कुठे वाजली?"

"नर्सबाईंच्या घरी, साहेब."

"तू ऐकलीस?"

"व्हय, या कानाने."

"गाढवा, ती आपल्या एक्सचेंजच्या या कपाटातली घंटी. तिकडे बेल पाठवली एवढंच कपाटाला ठाऊक. तिकडे वाजली का, ते त्याला काय माहीत?"

इतकी वर्षं शिड्या चढलो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला स्कूटरवर बसवलंत आणि बांधावरनं नेलंत. खाऱ्या वाऱ्याने तार खाल्लेली. बाई दोन दिवस फोनसमोर बसून. मला वाटलं तुम्ही तिथे माझी अब्रू काढणार. तुम्ही म्हणालात, "बाई, चूक आमची." तार जोडली, आणि फोन तिच्याच हातात दिलात. "तुम्हीच लावा, ज्यांना लावायचा त्यांना." ती पोरीशी बोलली, रडली, मग जावयावर ओरडली. तेव्हा कुठे तुम्ही मला म्हणालात, "आता लिही रजिस्टरात." असा साहेब मी दुसरा बघितला नाय. तुम्ही गेलात तेव्हा मयताला पेणला आलो होतो. गर्दी होती, मी मागेच उभा राहिलो.

आता यंदाचं ऐका. माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, निडीला एकटी राहते. गावाच्या टोकाला घर, पुढे सगळी भाताची खाचरं. तिचा रोज सकाळी सहाला फोटो येतो, गुलाब, सुप्रभात. पावसाळ्यात एक दिवस दुपारी मी तिला फोन लावला. घंटी जाते, उचलत नाय. परत लावला, तेच. माझी सून म्हणाली, "आत्याबाई बऱ्या हायत, सकाळीच फोटो आलाय." दुसऱ्या दिवशी सहाला परत गुलाब. मी फोन लावला, घंटी जाते, उचलत नाय. आणि एकदम तुमचं ते कपाट डोळ्यासमोर आलं. चप्पल घातली, रिक्षा केली, थेट निडी. दार आतून बंद. मागून कौलं सरकवून शेजाऱ्याला आत उतरवला.

बाय मोरीपाशी आडवी. खुब्याचं हाड मोडलेलं. वर पावसाचा आवाज, हाक कोणाला जाणार. मला बघून म्हणते, "आलास काय मेल्या? कालपासनं फोन वाजवून वाजवून डोकं उठवलंस माझं!" फोन फळीवर, तिच्यापासून चार हातांवर. गुलाब कोण पाठवत होतं? पुण्याला असतो तो तिचा पोरगा, कॉम्प्युटरवाला, त्याने तिच्या फोनवर लावून ठेवलेलं. रोज सहाला आपोआप जातो, आईला कष्ट नकोत म्हणून. पोरगा हॉस्पिटलात माझ्यासमोर मान खाली घालून उभा. मी ओरडलो नाय. म्हटलं, ते काढ, आणि रोज तिचा आवाज ऐक. काढलंन, आणि ऐकतो पण.

बाय आता काठी घेऊन चालते. गावात माझं नाव झालंय, मामाला बरोबर कळलं, लगेच धावला. मी सांगतो, हे आमच्या साहेबांचं डोकं, माझं नाय. ते खरंच हाय.

पण लगेच धावलो, ते खरं नाय. पहिल्या दिवशी दुपारी घंटी ऐकली, उचलत नाय म्हटल्यावर सुनेला मीच म्हणालो, असेल शेतावर, आणि झोपलो. एक अख्खा दिवस बाय तिथे पडून. हॉस्पिटलात भाच्याने विचारलं, "मामा, पहिला फोन कधी केलात?" मी म्हटलं, आज सकाळी. बाय बाजूलाच होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तोंड भिंतीकडे केलं. अजून कोणाला बोलली नाय ती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाय. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, भाच्याला खरं सांगितलंस काय, मग पुढे काय. पुढे काय ते मी सांगणार नाय.