मागच्या खोलीतली चूल

वहिनी,

चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवते आहे, कारण दादा तिथं कधी हात घालत नाही. मी चुना आणायला बाजारात जाते.

मागच्या दोन्ही खोल्या झाडून झाल्या. नव्या भाडेकरू, पेशकारांच्या चतुराबाई, सकाळी पाहून गेल्या. म्हणाल्या, "दुसरीच्या चुलीवर मी भाकर टाकत न्हाई. ती मोडून ठेवा, माझी मी घालीन." मी कुदळ उचलली आणि थांबले.

आईच्या चुलीचा वैल, कालवण ठेवायचं बाजूचं तोंड, उजवीकडे होता. आई गेल्यावर ती चूल ढासळली. ही नवी आहे आणि हिचा वैल डावीकडे आहे. पळी अडकवायचा खिळाही डावीकडेच. दादानं मधल्या दाराला कुलूप घातल्यापासून तात्या इथं एकटे राहिले. मी विचारलं की म्हणायचे, "माझं मी करून खाऊन राह्यलो, बिलकुल काळजी करू नको." मला वाटलं, तुम्हीही त्यांना टाकलं. म्हणून त्यांच्या तेराव्यालासुद्धा मी तुमच्याशी बोलले नाही.

पण तात्या उजव्या हाताचे. या घरात डावखुऱ्या तुम्ही एकट्याच. यायचात तरी कुठून? मागच्या गल्लीतून? आणि शेवटी शेवटी त्यांना काय खावंसं वाटायचं? मला काहीच ठाऊक नाही.

चतुराबाईंना परवा यायला सांगते. चूल मोडलेली नाही. संध्याकाळी दादा दुकानात असेल, तेव्हा मागे या. तात्यांना करून घालायचात ते एकदा मला घाला. मग दोघी मिळून मोडू.

कुमुद