बिनतारेचं तुणतुणं

मी, कारभारी सांडू पाचंगे, वय बहात्तर, गोंधळी, राहणार हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, माझ्यामागं काय कुणाचं ते आज लिहून ठेवतो. कुणी धाक घातलेला नाही, डोकं ठिकाणावर आहे. कलम चार वाचून चिरंजीव सुदर्शन शंका काढील. त्यानं सोबतचा डॉक्टरचा दाखला पाहावा.

१. पुढची खोली सुदर्शनची. मागची खोली माझ्या थोरल्या भावाची, कडुबादादाची, म्हणजे आता भागूबाईवहिनींची. ती देणारा मी कोण?

२. संबळ सुदर्शनला. वाजवणार नाहीच, निदान उंदरांपासून जपावा.

३. कडुबादादाचं तुणतुणं मुलगी मोनिका हिला. सुदर्शनला ते वेरूळ रस्त्यावरच्या हॉटेलात शोभेला टांगायचं आहे; ते जमणार नाही. लहानपणी मोनिका दादाकडून शिकत होती, तेव्हा 'पोरीच्या जातीनं धरायचं नसतं' म्हणून मी तिच्या हातावर मारलं होतं. माझं चुकलं.

४. दादा गेला त्या दिवशी मीच तुणतुण्याची तार काढली. वर्षभरानं फुलंब्रीला एका लग्नाचा गोंधळ होता. सवयीनं ते तुणतुणं पिशवीत घालून नेलं. चौक भरला, दिवटी पेटवली, देवांना एकेक नाव घेऊन बोलावू लागलो. त्या ओळीतच तोंडून गेलं, 'कडुबा, गोंधळाला ये.' आणि पाठीमागं पिशवीत तुणतुणं वाजलं.

वडिलांचा दंडक होता, ज्याला बोलावलं त्याला शेवटी नाव घेऊन परत पोचवायचं. मी सगळे देव पोचवले. दादाला पोचवलं नाही. बोलावणं चुकून झालं, हे मात्र जाणूनबुजून. चाळीस वर्षं ज्याच्या सुरावर नाचलो तो पुन्हा मागं उभा होता, मला सोडवेना.

तेव्हापासून अकरा वर्षं दिवेलागणीला ते खुंटीवर वाजतं. वहिनी सांगायच्या, "भावजी, ते वाजवायलेत बघा." मला स्वतःला ऐकू येत असून मी म्हणायचो, "वहिनी, भास हाय तुमचा." सुदर्शननं त्यांना डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण खरं बोललो असतो तर दादाला पोचवावं लागलं असतं. वहिनींना वेड कधीच नव्हतं. याची मला लाज वाटते.

तरी माझ्या तेराव्यानंतर मोनिकानं तार चढवून गोंधळ घालावा आणि दादाला नाव घेऊन परत पोचवावं. मला कुणी बोलावू नये. मी येईन.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. भागूबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी मला ऐकू यायचं बंद झालं, भावजी. मला वाटलं, ते गेले." खुंटीकडं बघत म्हणाल्या, "हायेत का अजून?"

मी व्हय म्हणालो.

दुरुस्ती: कलम चारमध्ये 'माझ्या तेराव्यानंतर' याऐवजी 'भागूबाईंच्या तेराव्यानंतर' असं वाचावं.

सही: कारभारी सांडू पाचंगे
साक्षीदार: १. आप्पासाहेब तुपे, शेजारी (सही)
२. भागूबाई कडुबा पाचंगे (डाव्या हाताचा अंगठा)

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५, दिवेलागणीची वेळ