छप्पन मिलिमीटर

१२ जानेवारी
जालन्याच्या स्टील कारखान्यात रुजू झाले! गावी, मंठ्याला, आईने गल्लीभर पेढे वाटले. दैवशालामावशी मात्र म्हणाली, डिप्लोमा करून वंदना शेवटी भंगारातच गेली. जाऊ दे, काम माझ्या आवडीचं आहे. परदेशातल्या कुठल्याशा युद्धाचं भंगार लोखंड वितळवायला कंटेनर भरून येतं, त्यात रायफलीच्या काडतुसांच्या पोलादी पुंगळ्या असतात. चुकून जिवंत काडतूस भट्टीत गेलं तर स्फोटच. इथले लोक पुंगळीच्या बुडाला बंदुकीच्या पिनेचा खड्डा दिसला की उडालेली समजून सोडून देतात. पण खड्डा पडूनही एखादं काडतूस उडत नाही, म्हणून मी व्हर्निअरच्या जबड्यात धरून प्रत्येकीची लांबी मोजते. रिकामी पुंगळी ३८.७ मिलिमीटर, गोळीसकट अख्खं काडतूस ५६. भट्टीवरच्या अंगददादाने पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, बराबर मोजा. तिथं उभं मला राहावं लागतंय."

१५ जानेवारी
आज विचित्रच झालं. पुंगळी रिकामी, काडी घातली तर बुडापर्यंत जाते. तरी व्हर्निअरचा जबडा ५६ वर अडला. मधे नुसती हवा! दाबूनही सरकेना. व्हर्निअर बदललं, तेच. पोतंभर मोजल्या, सगळ्या छप्पन.
मालकांचा मुलगा अंकित हसला. म्हणाला, मॅडम, डोळे तपासून घ्या, खर्च माझा. सगळ्यांसमोर लाज वाटली. पोतं पास केलं.

१६ जानेवारी
पोतं भट्टीत गेलं. स्फोट नाही, आवाजही नाही. अंगददादा मात्र छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. त्याची बायको उषाबाई पुन्हापुन्हा मलाच विचारत होती, "सकाळी चांगला जेवून गेल्ता, मंग असं कसं?" मला रडू आवरेना.

१७ जानेवारी
भट्टीच्या तोंडाशी सांडून तापलेली एक पुंगळी सापडली. मोजली. आता ३८.७.
म्हणजे तिच्यातली गोळी—
आवारात अजून केवढा ढीग आहे. पास करणार नाही म्हटलं. अंकित भडकला. दादाच्या जागी उद्यापासून पुंजाराम.

१८ जानेवारी
मला न विचारताच ढीग उचलला. ओरडून घसा बसला, पण भट्टीच्या घरघरीत कुणाला ऐकू— कुणीतरी वाचावं म्हणून लिहितेय—
पुंजाराम पडला. त्याला उचलायला धावलेला अंकितही— आवाज नाही, काहीच आवाज—
मी लांब आहे. मधे भिंत आहे. खिडकीची काच शाबूत. ओढणीला छिद्र नाही. तरी बरगडीखाली काहीतरी गरम, आत सरक—