प्राची रविवारी येते

रवि., ९ फेब्रु.
प्राची आली. साडेदहा. दादरहून मेथीच्या दोन जुड्या. नको सांगितलं तरी आणतेच. आमचा सिद्धू जाऊन दोन वर्षं झाली, हिचा एक रविवार चुकलेला नाही. दोघांचा साखरपुडा व्हायचा होता. तशी ती आमची कोणीच लागत नाही.
मेथी निवडताना म्हणाली, "आई, त्याने कधी मारामारी केलेली?"
केलेली. सातवीत. शेजारच्या मुलाने ह्यांच्या बहिरेपणाची नक्कल केली म्हणून. (ह्यांचे कान गिरणीतल्या आवाजाने गेले.) मारामारी कसली, मार खाऊनच आला. शर्टाचा खिसा लोंबत होता. वर मलाच म्हणाला, तो बघ कसा पळाला!
खूप हसली. हे तिला भोईवाड्याच्या नाक्यापर्यंत सोडून आले.

बुध., १२ फेब्रु.
दुपारी प्राचीची आई. वडाळ्याहून, एकट्याच. चहा घेतला, बिस्किटांना हात लावला नाही. मुद्द्यावर यायला अर्धा तास.
"ताई, एक चांगलं स्थळ आलंय. तिच्याच ऑफिसातला मुलगा. त्याला सगळं माहितेय. पण ही नाहीच म्हणते. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."
मी म्हटलं, बघते.
त्या गेल्यावर कप तसेच राहिले. राग आला होता. कोणाचा ते मात्र

गुरु., १३ फेब्रु.
ह्यांना सांगितलं. मोठ्याने सांगावं लागतं, म्हणजे शेजारीही कळलं.
"एकोणतीसची झाली ना ती?"
"हो."
"मग?"
संपलं. पुन्हा पेपर.
ह्यांचं बरं आहे. सिद्धूबद्दल मला विचारणारं दुसरं कोण आहे? नातेवाईक त्याचं नावच टाळतात, मला त्रास नको म्हणून. ही एकटी विचारते. ती यायची थांबली तर मी कोणाशी बोलू? लिहितानाही लाज वाटतेय, पण खरं तेच.

शनि., १५ फेब्रु.
गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या. समोर टॉवर. ह्यांची गिरणी होती तिथेच उभा आहे. आणि सिद्धूला नोकरी लागली ती त्याच टॉवरच्या लिफ्ट दुरुस्तीची. एका सुट्टीत आम्हा दोघांना घेऊन गेला. "चला मॅडम, ट्रायल घेऊ." मी बालवाडीत शिकवायचे म्हणून मला मॅडम.
एक्केचाळिसावा मजला. मी डोळे घट्ट मिटलेले.
"उघड गो! ती बघ आपली गच्ची. तुझी लाल साडी वाळतेय."
दिसली खरी. नखाएवढी.
हे काचेला नाक लावून खाली बघत होते. मग विचारलं, "गिरणीतलं आमचं खातं खाली नेमकं कुठे आलं असेल रे?" सिद्धूने ह्यांचा हात धरून काचेवर बोट टेकवलं, म्हणाला, इथे. त्याला काय ठाऊक, तो जन्मला तेव्हा गिरणी बंदच होती. पण हे मान हलवत राहिले. बराच वेळ. त्यानेही घाई केली नाही.
उद्या प्राचीला सांगायचंय. हे नव्हे, ते स्थळाचं.

रवि., १६ फेब्रु.
सांगितलं. ती कोळंबी सोलत होती.
"तुझी आई आली होती."
"माहितेय." हात चालूच. "आई, मी नको झालेय का तुम्हाला?"
"नको कशी होशील? बुधवारपासून रविवारची वाट बघते मी. पण ते माझं झालं गं. तुझं काय?"
मग रडली. दोन वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा. शेवटच्या आठवड्यात त्यांचं भांडण झालं होतं म्हणे. ही म्हणत होती, लग्नानंतर अँटॉप हिलला वेगळी खोली घेऊ. तो म्हणाला, आईबाबांना सोडून नाही. चार दिवस हिने फोन उचलला नाही. ताप आहे असा त्याचा मेसेज आला, हिला वाटलं नाटक. आली तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.
"म्हणून मी येते आई. तुम्हाला वाटतं मी किती चांगली..."
मी हात धुतले. तिचेही धुतले. म्हटलं, त्याने मला सांगितलं होतं सगळं. ॲडमिट केलं त्या दिवशीच. म्हणाला, "मॅडम, तिचं बरोबर होतं, मीच उगाच ओरडलो. बरा झालो की जातो मनवायला."
"खरं?"
"तुझ्या गळ्याची शपथ."
हे आधी का नाही बोलले मी? वाटलं, तिला माहीत असेल. त्याचं आजारपण सोडून बाकी सगळं बोलायचो आम्ही. तेवढंच टाळलं.
कोळंबी तशीच राहिली. न जेवताच गेली.

रवि., २३ फेब्रु.
आली नाही. फोनही नाही. पापलेट तिच्यासाठी आणलं होतं, आम्ही दोघांनीच खाल्लं. हे दोनदा गॅलरीत जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, हवा खातोय.

बुध., २६ फेब्रु.
महाशिवरात्र. दोघांचा उपास. संध्याकाळी प्राचीचा फोन.
"आई, रागावलात?"
"नाही गं."
"ऑफिसातला तो तन्मय म्हणतो, आधी तुम्हाला भेटायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही हां. आणू का रविवारी?"
ह्यांना विचारलं. ओरडून. हे जप करत होते, डोळे न उघडता म्हणाले, "ये म्हणावं. मासे खातो का विचार."
खातो.

शनि., १ मार्च
उद्या येतात. बांगडे आणलेत, सोलकढी करीन. ह्यांनी दाढी आजच करून घेतली.
ती हो म्हणेल की नाही, माहीत नाही. हो म्हटल्यावर कोणते रविवार आणि कसले.
सकाळपासून एकाच गोष्टीवर अडलेय. त्या मुलाला हाक कशी मारायची? घरी नव्याने येणारा माणूस, अहो-जाहो करायला हवं. पण तिशीचा आहे. सिद्धूएवढाच. दारात बघून तोंडातून 'ये रे' निघालं तर